माळ्यावरचा इतिहास

इ. स. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे १७५० ते १७६१ या, पानिपताशी संपणाऱ्या काळातील असून ती वाईस मिळाली होती. एवढ्या मोठ्या घटनेचे कागद एका गावी धूळ खात पडले होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे १८६३ साली जन्मलेल्या राजवाड्यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही काळ शिक्षकी केली. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. नोकरी सोडून ते गावोगाव दप्तरे धुंडाळू लागले. हे काम सोपे नव्हते. १८५२ च्या इनाम कमिशनने कागदपत्रे तपासून अनेकांची इनामे खालसा केली होती. ज्या कागदावर घरची जमीन अवलंबून, तो परक्याच्या हाती देण्यास घरधनी कचरावा, हे साहजिकच होते.

महजर, वतनपत्रे, करीने, वंशावळी, शकावल्या अशा मोडी कागदांत कोण केव्हा जन्मला, कोण वारला, वतन कोणाकडे गेले, याच्या नोंदी असतात. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा मोठा आधार ठरलेली जेधे शकावलीही अशीच एका देशमुख घराण्यातून मिळाली आणि लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली.

१९१० मध्ये राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पण स्वभाव तापट असल्याने सहकाऱ्यांशी त्यांचे फार काळ पटले नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचे निधन झाले. त्यांची अनेक अनुमाने आज टिकलेली नाहीत आणि त्यांच्या लेखनातील जात्यभिमान दृष्टिआड करता येत नाही. तथापि साधनांचे बावीस खंड त्यांनी छापून ठेवले आणि त्यांची मते खोडून काढू इच्छिणाऱ्यालाही त्याच खंडांकडे वळावे लागते. संशोधकाचे याहून मोठे ऋण कोणते?

आज वाडे पाडले जात आहेत. माळ्यावरची रुमाले रद्दीच्या भावाने विकली जातात वा वाळवी त्यांचा फडशा पाडते. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्याही ओलीने कुजतात. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. प्रत्येक तालुक्याला राजवाडे लाभणार नाही. पण जुने गाठोडे टाकून देण्यापूर्वी ते जाणकाराला दाखविणे शिक्षकाला, कारकुनाला, विद्यार्थ्यालाही शक्य आहे. कागद एकदा नाहीसा झाला, की त्यातला माणूस दुसऱ्यांदा मरतो.