रमाईचा त्याग सांगताना तिचे दुखणेही सांगू या

७ फेब्रुवारी आणि २७ मे. वर्षातून दोनदा आमच्या अकोला-अमरावतीच्या विहारांत रमाईवर भाषणे होतात. शेणाच्या गोवऱ्या, उपाशी काढलेले दिवस, परदेशी शिकणाऱ्या बाबासाहेबांना घरची काळजी लागू न देणारी त्यागमूर्ती. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो. पण समोर बसलेल्या मुलींना सांगायला हवी अशी एक बाजू दरवेळी राहून जाते. ती रमाईच्या शरीराची.

रमाईचा जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आई-वडील लवकर गेले. काका-मामांनी या पोरक्या भावंडांना मुंबईला आणले. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची विक्री आटोपल्यावर, रमाईचे लग्न लागले. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती.

डिसेंबर १९१२ मध्ये यशवंत झाला. रमाई तेव्हा पंधराचीही नव्हती. पुढे गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. पाच बाळंतपणांत हाती लागला एकटा यशवंत. बाकीची चारही लेकरे लहानपणीच गेली. याच काळात बाबासाहेब १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशी होते. घर परळच्या चाळीत, पैसा बेताचा. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा रमाई अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. त्यानंतर तिची प्रकृती खालावतच गेली. दादरला राजगृह उभे राहिले, पण ते सुख तिला फार दिवस लाभले नाही. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी ती गेली. वय सदतीस.

ज्या वयात आज आमच्या मुली पदवी घेऊन नोकरी शोधतात, त्या वयापर्यंत रमाईने बाळंतपणे आणि लेकरांची मरणे दोन्ही सोसली होती.

बाबासाहेबांचे काम या अंगानेही पाहायला हवे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. अकरा विरुद्ध बावन्न मतांनी तो पडला. रमाईला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. शिक्षणाबरोबर संततिनियमनावरही त्या बोलल्या. लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बाबासाहेबांनीही त्या बायकांना बजावले. म्हणजे वऱ्हाडातली आपली बाई ऐंशी वर्षांपूर्वी भर सभेत जे बोलली, ते आज आपल्या घरात बोलले जात नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हे रोज दिसते. पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही, चालताना धाप लागते, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. मुलगी सांगत नाही. आईला कळले तर लग्नानंतर सगळे ठीक होईल, हे ठरलेले उत्तर. विटाळ आपण चवदार तळ्यावर सोडून आलो म्हणतो, पण पाळीचा विटाळ अजून कितीतरी घरांत टिकून आहे. दुखणे अंगावर काढणे म्हणजे चांगली बाई, हा समज रमाईच्या त्यागाच्या भाषणांतून आपणच पक्का करत असू, तर ती आपली चूक आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय समजावा. विदर्भात सिकलसेल आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून पत्रिका जुळवणे सोडलेल्या समाजाने रक्ततपासणी जुळवावी. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, पाळी तीन महिने आली नाही, किंवा पांढऱ्या जाण्याला वास आणि खाज असली, तर डॉक्टरकडे जायला लग्न झालेले असावे लागत नाही. अमरावतीचे डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग ही सरकारी स्त्री रुग्णालये आपल्यासाठीच आहेत. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू नये, जेवणानंतर घ्यावी.

येत्या रमाई जयंतीला प्रत्येक विहाराने एवढे करावे. वंदना झाली की भाषण एक कमी ठेवावे आणि आशाताईंना बोलावून हिमोग्लोबिन-सिकलसेल तपासणी ठेवावी. मुलींशी बोलायला एखादी बाई डॉक्टर आणावी. मुलांनीही उठून जाऊ नये, बसून ऐकावे. उद्या घरात त्यांनाच हे निर्णय घ्यायचे आहेत. रमाईला जी तपासणी, जी विश्रांती वेळेवर मिळाली नाही, ती तिच्या लेकींना मिळावी.

जय भीम.