आचार्य धर्मानंद कोसंबी : एक ध्येयमार्गी जीवन

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे 'पुढे काय?' हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात उभा राहतो. वडीलधारी माणसे एक सांगतात, शेजारी दुसरेच सुचवितात आणि आपले मन तिसरीकडेच धावत असते. अशा वेळी आम्हांला आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्राची आठवण होते. हा प्रश्न त्यांनाही पडला होता. आणि त्याचे उत्तर शोधण्याची साधने त्यांच्यापाशी आपल्यापेक्षा पुष्कळच कमी होती.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर त्या काळी पोर्तुगीजांचे राज्य होते. खेड्यात मराठी शिक्षणाची सोय बेताचीच असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण लवकर आटोपले आणि घरच्या नारळीच्या बागायतीची कामे त्यांच्या गळ्यात पडली. तत्कालीन रीतीप्रमाणे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच त्यांचा बाळाबाईंशी विवाह झाला. पोटापाण्याची ददात नव्हती. परंतु मन मात्र सदैव उदास असे. आपण हे सारे कशासाठी करीत आहोत, याचा त्यांना उलगडा होईना.

अशा मनःस्थितीत 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी निघणारे ते मासिक, आणि त्यातील तो एक छोटासा लेख! पण धर्मानंदांना जणू आपल्या दुखण्याचे नाव सांगणारा वैद्य भेटला. माणसाच्या दुःखाचा विचार ज्याने मुळापासून केला, त्याची शिकवण मूळ ग्रंथांतून समजून घ्यावयाची, हे त्यांनी ठरविले. त्यासाठी संस्कृत हवे, पाली हवी. आणि गोव्यात तर या दोहोंपैकी एकाचीही सोय नव्हती.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे ग्वाल्हेरवरून ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्रीबुवांपाशी संस्कृत शिकावे, असा त्यांचा क्रम होता. काशीनंतर नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असा प्रवास करीत १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास गेले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी बसून त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि भिक्षुसंघात प्रवेश केला. नंतर ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले.

येथे एक गोष्ट आम्ही वाचकांपासून लपवू इच्छित नाही. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा पाठीमागे तरुण पत्नी होती, तान्ही मुलगी होती. सुमारे सात वर्षांनी, १९०६ मध्ये, ते पुन्हा आपल्या माणसांत आले. ध्येयाचे मोल एकट्या धर्मानंदांनी दिले नाही. ते बाळाबाईंनीही दिले, आणि त्यांना तर कोणी त्यांची इच्छाही विचारली नव्हती. थोरांचे चरित्र गाताना घरात मागे राहिलेल्या माणसाला विसरणे आम्हांस योग्य वाटत नाही. धर्मानंदांनीही पुढे भिक्षुवस्त्र ठेवून दिले आणि संसाराची जबाबदारी पुन्हा पत्करली. थोर गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचेच सुपुत्र. त्यांचा जन्म १९०७ चा.

ध्येयाची खरी कसोटी मात्र अजून व्हावयाची होती. कलकत्ता विश्वविद्यालयात धर्मानंद पाली शिकवू लागले होते. सर आशुतोष मुकर्जींसारखा गुणग्राहक पाठीराखा होता आणि दरमहा अडीचशे रुपयांपर्यंत वेतन देण्याची तयारी होती. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी वेगळीच योजना पुढे ठेवली. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा. दरमहा पन्नास रुपये मिळतील. एकीकडे अडीचशे, दुसरीकडे पन्नास! धर्मानंदांनी पन्नास स्वीकारले. ज्ञान मिळवायचे ते आपल्या लोकांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी, हे त्यांच्या मनात पक्के होते. मनात असा निश्चय असला की निवड अवघड राहत नाही.

१९१० मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची शुद्ध आवृत्ती सिद्ध करण्याचे काम तेथे अपुरे राहिले होते. ज्याने इंग्रजी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तो मनुष्य तेथील पंडितांच्या बरोबरीने हस्तलिखिते पडताळू लागला. परंतु श्रेयाच्या प्रश्नावर प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे त्यांनी पाली शिकविली व अभ्यासकांची एक पिढी घडविली. हार्वर्डला त्यांनी पुढेही फेऱ्या केल्या. मानापमान बाजूस ठेवून काम तडीस नेले. १९४० मध्ये त्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये. त्या वेळी ग्रंथावर त्यांचे नाव होते, पण ते पाहण्यास धर्मानंद हयात नव्हते. जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचे देहावसान झाले होते.

'निवेदन' हे आत्मचरित्र आणि 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ, अशी मोठी ठेव त्यांनी मराठी वाचकांसाठी ठेवली आहे. ज्या मराठीतील एका लेखाने त्यांना वाट दाखविली, तिचे ऋण त्यांनी असे फेडले.

विद्यार्थिमित्रहो, धर्मानंदांप्रमाणे घर सोडा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. त्यांना त्या काळी जे घराबाहेर शोधावे लागले, ते पुष्कळसे आज आपल्या शाळेच्या ग्रंथालयात मिळू शकते. आम्हांला घ्यावीशी वाटते ती त्यांची एकच सवय : प्रत्येक वळणावर थांबून, आपण निघालो कशासाठी, हे स्वतःला विचारण्याची. साखवाळच्या बागेत पडलेला प्रश्न त्यांनी कलकत्त्याच्या वेतनापुढे विसरू दिला नाही की हार्वर्डच्या वादापुढेही विसरू दिला नाही. आपल्या मनातील प्रश्न कोणता, एवढे जरी या वर्षी आपणांस उमगले, तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.