समजून घ्या : गाडगेबाबा, ऋणमोचनचा घाट आणि घरातली गळकी फ्लश टाकी

रात्री घर शांत झाले की शौचालयातून पाण्याचा बारीक आवाज येतो. फ्लशची टाकी भरलेली असते, तरी पाणी थांबत नाही. मिनिटाला कपभर, म्हणजे २०० मिली पाणी वाहत असेल, तर दिवसाला २८८ लिटर जाते. १५ लिटरच्या १९ बादल्या! खारपाणपट्ट्यातल्या भातकुली तालुक्याला हा हिशेब परवडणारा नाही. याच तालुक्यातल्या ऋणमोचनला एका माणसाने हाती फावडे घेतले होते. दिसलेल्या कामासाठी दुसऱ्याची वाट पाहायची नाही, ही त्याची सवय होती. ती सवय कशी घडली आणि आज घरात तिचा काय उपयोग?

कोण होते गाडगेबाबा?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव (ता. अंजनगाव सुर्जी) येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी तिथेच वाढला. गुरे राखली, नांगर धरला, शेतीची सगळी कामे शिकला. शाळा मात्र मिळाली नाही. पुढे मामाची शेती सावकाराच्या कर्जात गेली. दारू, कर्ज आणि अडाणीपण माणसाला कसे बुडवते, हे त्याने घरातच पाहिले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्याने गोडाचे जेवण दिले. भावकी नाराज झाली, पण तो बधला नाही.

ऋणमोचनला काय घडले?

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. त्या काळी नदीत उतरायची वाट चिखलाची होती. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. हजारो लोक दरवर्षी हे पाहत आणि घरी जात. डेबूजीने फावडे उचलले, माती ओढली, उतार सारखा केला. एकाला पाहून दुसरे आले. पुढे १९०८ च्या सुमारास लोकांच्या मदतीने तिथे घाट उभा राहिला.

त्याआधी १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले होते. अंगावर चिंध्यांचे कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, हातात झाडू आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच नाव पडले.

त्यांची पद्धत काय होती?

गावात पोचले की कोणाला न भेटता रस्ते झाडायचे, नाल्या मोकळ्या करायच्या. काम झाल्यावरच भाकरी घ्यायची. रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे जनावर कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हा त्यांचा विषय. सकाळी दिवसभर झाडू मारलेला माणूस रात्री स्वच्छतेवर बोलत असल्याने त्याचे म्हणणे लोकांना पटे.

लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा उभा राहिला. आपल्या कुटुंबाला मात्र त्यांनी या संस्थांचा लाभ घेऊ दिला नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. ही पेढी पुढे भातकुली तालुक्यातून जाऊन पूर्णेला मिळते. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान २००० पासून त्यांच्याच नावाने चालते.

मग फ्लश टाकीचा संबंध काय?

बाबांच्या काळात या गावांमध्ये फ्लश नव्हता. आज तो अनेक घरांत आहे आणि पाणी तेच आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या या पट्ट्यात भूजल खारे. बोअरचे पाणी टाकीत जात असेल तर क्षार साचून व्हॉल्व्ह नीट बसत नाही. नळाचे असेल तर दुरून आणलेले गोडे पाणी वाया जाते. शिवाय हे पाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यात जाऊन तेही लवकर भरतात.

घरी दुरुस्ती कशी कराल?

१. झाकण काढा. पाणी उभ्या ओव्हरफ्लो पाइपात पडत असेल, तर पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा दोष आहे.

२. फ्लोट हाताने वर उचला. पाणी थांबले, तर फ्लोट फक्त वर बसला आहे. स्क्रू किंवा क्लिपने तो खाली घ्या. पाणी ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडापासून साधारण इंचभर खाली थांबले पाहिजे.

३. फ्लोट उचलूनही पाणी चालूच असेल, तर भिंतीजवळचा अँगल कॉक बंद करा आणि फ्लश करून टाकी रिकामी करा. व्हॉल्व्हची टोपी फिरवून उघडा. आतला रबरी वायसर काढा. कोणता भाग कुठे होता, याचा मोबाइलवर आधी फोटो घ्या.

४. क्षाराचा पांढरा थर असेल तर प्लास्टिकचे भाग अर्धा तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवा, जुन्या टूथब्रशने घासून धुवा. वायसर साध्या पाण्याने पुसा. व्हॉल्व्हवर पेला उपडा धरून अँगल कॉक क्षणभर उघडा, अडकलेली रेती निघून जाईल.

५. वायसर चिरलेला किंवा कडक झालेला असेल तर तोच नमुना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. मापाशिवाय आणलेला वायसर बहुधा बसत नाही.

६. ओव्हरफ्लो पाइप कोरडा आहे, तरी टाकी आपोआप रिकामी होते? अँगल कॉक बंद करून टाकीत थोडी कपड्याची नीळ टाका. वीस मिनिटांत भांड्यात निळा रंग उतरला, तर तळाचा वायसर गळतो आहे.

अँगल कॉक फिरतच नसेल तर जोर लावू नका, तो तुटला की घरभर पाणी होते. तेवढ्यासाठी प्लंबर बोलवा. बाकी काम अर्ध्या तासाचे आहे आणि शौचालयातले काम हलके मानायचे कारण नाही. गाडगेबाबांनी नाल्या स्वतः उपसल्या, हा तर फक्त वायसर आहे.