गाणारा ब्रेकमन : जिमी रॉजर्स

श्रम ही वस्तू इतर वस्तूंसारखी नसते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकविले जाते. धान्य विकणाऱ्याला धान्याबरोबर स्वतः जावे लागत नाही. श्रम विकणाऱ्याला मात्र आपल्या देहासह कामावर हजर राहावे लागते. तो देहच खचला की विकावयास काही उरत नाही. अमेरिकेतील कंट्री संगीताचा जनक मानल्या जाणाऱ्या जिमी रॉजर्सचे आयुष्य हे या विधानाचे करुण उदाहरण होय.

रॉजर्सचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ चा. मिसिसिपी राज्यातील मेरिडियन हे रेल्वेचे जंक्शन त्याचे गाव. वडील रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. आई तो लहान असतानाच वारली. रुळांवर खपणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना पाणी पाजण्याचे काम करताना त्यांची गाणी त्याच्या कानांत बसली. पुढे तो ब्रेकमन झाला. मालगाडीचे डबे जोडणे-सोडविणे, ब्रेक सांभाळणे, सांधे बदलणे, असे ते ऊनपावसातले काम होते. १९२४ साली त्याला क्षय झाल्याचे निदान झाले. क्षयावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन. त्याचा शोध लागला १९४३ साली. तोवर विश्रांती आणि चांगली हवा एवढाच इलाज होता, आणि पत्नी व मुलगी पदरी असलेल्या कामगाराला विश्रांती परवडणारी नव्हती. रेल्वेची नोकरी सुटली आणि तोवर अधूनमधून हौसेने चाललेले गाणे हेच पोटाचे साधन झाले.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर हे टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी ग्रामीण गायकांचे ध्वनिमुद्रण करीत होते. रॉजर्सच्या साथीदारांनी नेमक्या आदल्या रात्री त्याला सोडले. ४ ऑगस्टला तो एकटाच गिटार घेऊन गेला आणि दोन गाणी गायला. त्याबद्दल त्याला १०० डॉलर मिळाले. पण खरे महत्त्व होते ते पीअर यांनी घातलेल्या व्यवस्थेला. गाण्याचे हक्क ते स्वतःकडे ठेवीत आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे रचनाकाराला रॉयल्टीचा वाटा देत. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात स्वामित्व गीताचे आणि चालीचे असे, गायकाच्या आवाजाचे नसे. त्यामुळे जुनी लोकगीते गाऊन भागणार नव्हते. नवी गाणी हवी होती. ती रचण्यात त्याची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिचा फार मोठा वाटा आहे. अशा रीतीने रोजंदारीवरच्या माणसाच्या हाती प्रथमच अशी मिळकत आली, की जी तो अंथरुणाला खिळला तरी चालू राहील.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुद्रित झालेल्या ‘ब्लू योडल’ने त्याचे नाव देशभर गेले. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा साचा आणि मध्येच आवाज एकाएकी उंच स्वरात फेकण्याची योडलची रीत, यांचा तो मेळ होता. १९३० साली त्याच मालिकेतील नवव्या गाण्यात लुई आर्मस्ट्राँगने ट्रम्पेटची साथ केली. मात्र वर्णभेदाच्या त्या काळात तबकडीवर आर्मस्ट्राँगचे नाव छापले गेले नाही.

त्याच्या सर्व गाण्यांत ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ हे मला सर्वांत मोलाचे वाटते. ते मुद्रित झाले १९२८ साली, म्हणजे महामंदीच्या एक वर्ष आधी. खिशात पैसा नसलेला, घरापासून दूर पडलेला एक माणूस मालगाडीतून फुकट प्रवास करू पाहतो आणि ब्रेकमन त्याला आडरानात खाली उतरवितो, एवढीच त्याची कथा. अशा माणसांना उतरविणे हा ज्याच्या नोकरीचाच भाग होता, त्या रॉजर्सने गाणे मात्र उतरविल्या गेलेल्याच्या तोंडी घातले. पुढे लाखो बेकार त्याच रुळांवरून काम शोधीत हिंडू लागले, तेव्हा ते गाणे त्यांना आपले वाटले यात नवल नाही. १९३१ साली टेक्सास व ओक्लाहोमा भागांतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी विनोदकार विल रॉजर्स यांच्याबरोबर त्याने दौराही केला. त्याच वर्षी ‘टी. बी. ब्लूज’ या गाण्यात त्याने आपल्याच रोगाला विषय केले.

तो काटकसरी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. टेक्सासमधील कर्व्हिल येथे त्याने हौसेने बांधलेले प्रशस्त घर त्याला राखता आले नाही. इकडे मंदीमुळे, पाऊण डॉलरची तबकडीदेखील लोकांना चैन वाटू लागली. अमेरिकेतील तबकड्यांची विक्री पाच वर्षांत एक दशांशाहूनही खाली आली. रॉयल्टी आटली, औषधपाण्याचा खर्च वाढला. मिळकत देहापासून सुटी झाली होती खरी, पण नवी मिळकत उभी करावयाची तर पुन्हा तीच पोखरलेली फुफ्फुसे कामाला लावणे भाग होते.

मे १९३३ मध्ये तो ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला गेला. दोन गाण्यांच्या मध्ये पडून राहता यावे म्हणून मुद्रणगृहात त्याच्यासाठी खाट मांडली होती. आठवडाभरात त्याने डझनभर गाणी पुरी केली. शेवटचे ध्वनिमुद्रण २४ मे रोजी झाले आणि २६ मे रोजी तो हॉटेलातच मरण पावला. वय अवघे ३५. त्याचे शव मेरिडियनला नेले ते आगगाडीनेच. १९६१ साली कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये ज्या पहिल्या तिघांचा समावेश झाला, त्यांत त्याचे नाव होते.

रॉजर्सच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यात म्हातारपणाची आणि बेकारीची तरतूद होती. आजाराने काम करण्यास असमर्थ झालेल्या कामगाराला त्या योजनेखाली भत्ता देण्याची तरतूद कायद्यात होण्यास १९५६ साल उजाडावे लागले. मरणाच्या दारात गायलेल्या त्या गाण्यांचे कलेची निष्ठा म्हणून कौतुक होते, आणि ती निष्ठा खोटी नव्हती. तथापि त्या खाटेवरून तो पुन्हा पुन्हा उठला, त्यामागे घरच्यांसाठी काही मागे ठेवण्याची निकडही होती. रेल्वेच्या नोकरीतून आजारी पडून बाहेर पडलेल्या इतर असंख्य ब्रेकमनांपाशी विकण्याजोगा आवाजही नव्हता. त्यांची नावे कोठल्याही तबकडीवर नाहीत.