अर्न्स्ट आबे : भिंगांना गणित देणारा गिरणी कामगाराचा मुलगा

जुन्या जर्मन शिकारी बंदुकांमध्ये ‘ड्रिलिंग’ हा प्रकार प्रसिद्ध आहे. छर्ऱ्यांच्या दोन नळ्या आणि बहुधा त्यांच्याखाली गोळीची तिसरी नळी, अशी तिची रचना. गोळीने लांबचा नेम साधण्यासाठी दुर्बीण हवी. पण उडत्या पक्ष्यावर छर्रे झाडताना तीच अडसर ठरते. म्हणून ती झटकन काढता-घालता यावी लागे. थुरिंगिया प्रांतातील झूल येथील कारागीर दुर्बिणीखालचे पोलादी आकडे कानशीने घासून बंदुकीवरील खाचांत तंतोतंत जुळवीत. एका बंदुकीसाठी घडवलेली बैठक दुसरीवर सहसा बसत नसे. अशा कित्येक दुर्बिणींवर ‘कार्ल झाइस, येना’ ही अक्षरे आढळतात. बैठक हाताच्या अंदाजाने घडे, आतील भिंगे मात्र गणिताने ठरत. भिंगांच्या कारखानदारीत हे गणित आणले ते अर्न्स्ट आबे यांनी.

आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी थुरिंगियातीलच आयझेनाख येथे झाला. वडील सूतगिरणीत कामगार होते. ते दिवसाला चौदा ते सोळा तास राबत आणि दुपारचे जेवणही यंत्राजवळ उभ्यानेच उरकत. त्यांचा डबा पोहोचवणाऱ्या लहानग्या अर्न्स्टच्या मनावर हे दृश्य कायमचे कोरले गेले. शिक्षणात चमक दाखवून आबे यांनी १८६१ मध्ये गटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १८६३ पासून ते येना विद्यापीठात शिकवू लागले.

१८६६ मध्ये येना येथील सूक्ष्मदर्शक बनवणारे कारखानदार कार्ल झाइस यांनी त्यांची मदत मागितली. तोवर भिंगे घासून, जुळवून, पुन्हा घासून पाहण्याच्या पद्धतीने तयार होत. भिंगाची प्रत कारागिराच्या हातावर अवलंबून असे. आबे यांनी प्रकाशाच्या वर्तनाचा सिद्धांत मांडून आधी आकडेमोड आणि मग घडण, असा क्रम लावला. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेला मर्यादा पडते, हे त्यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले. हवी तशी काच मिळेना, तेव्हा ओटो शॉट यांच्या साथीने १८८४ मध्ये येना येथे काच कारखाना उभा राहिला. रंगदोष जवळपास नाहीसा करणारी भिंगे १८८६ मध्ये तयार झाली. प्रिझमची जोड-दुर्बीण १८९४ मध्ये बाजारात आली. शिकारी बंदुकांवरील झाइस दुर्बिणींचा काळ मुख्यत्वे त्यानंतरचा. पण त्यांच्यामागचे शास्त्र हेच होते.

कारखान्यात भागीदार झालेले आबे श्रीमंत झाले. झाइस यांचे १८८८ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी आबे यांनी झाइस यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले आणि १८९१ मध्ये आपली मालकी त्याच्या स्वाधीन केली. स्वतःचे नाव त्यांनी त्याला दिले नाही.

कामगारांचे भले मालकाच्या दयाबुद्धीवर सोडणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून १८९६ च्या घटनेत त्यांनी कामगारांचे हक्क कलमांत बांधले. निवृत्तिवेतन, पगारी रजा, नफ्यातील वाटा यांची तरतूद झाली. धर्म किंवा राजकीय मत पाहून भेदभाव करण्यास मनाई झाली. वरिष्ठांच्या वेतनालाही कामगारांच्या सरासरी मिळकतीच्या दहापटीची मर्यादा घालण्यात आली. १९०० मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू झाला. वडिलांच्या वाट्याला आलेल्या दिवसाच्या तो जेमतेम निम्मा होता.

प्रकृती ढासळल्याने आबे १९०३ मध्ये व्यवस्थापनातून निवृत्त झाले. १४ जानेवारी १९०५ रोजी येना येथे त्यांचे निधन झाले. पुढे दोन महायुद्धे झाली, जर्मनीच्या फाळणीने कारखानाही दुभंगला आणि १९९० नंतर पुन्हा एक झाला. झाइस कंपनीची मालकी आजही कोणा घराण्याकडे नाही, आबे यांनी स्थापलेल्या प्रतिष्ठानाकडेच आहे.