बदलत्या शाळांचा विद्यार्थी : कर्मवीर अण्णा

रयतेच्या झोपडीपर्यंत शिक्षणाची गंगा नेणारे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील हे आपल्या जैन समाजाचे भूषण. त्यांच्या कार्याचा गौरव सर्वत्र होतो. परंतु त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेकडे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक त्या विस्कळीत विद्यार्थिदशेतच पुढील कार्याचे बीज दडलेले आहे.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी आजोळी, कुंभोज येथे झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदली ठरलेली. बदली झाली की बिऱ्हाड हलावयाचे आणि मुलाची शाळाही बदलावयाची. कुंभोज, दहिवडी, विटा अशा गावी त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. नवे गाव, नवे गुरुजी, नवे सोबती. आधीच्या शाळेत अर्धवट राहिलेला धडा पुढच्या शाळेत कोण पूर्ण करून घेणार? तालमीत व मोकळ्या रानात रमणाऱ्या या मुलाचे अभ्यासात मन लागले नाही, यात नवल ते काय!

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास अण्णांनी नकार दिला आणि बोर्डिंगचे दार त्यांना बंद झाले, असे चरित्रकार सांगतात. त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. गणिताने मात्र अखेरपर्यंत साथ दिली नाही. महाराजांचा शब्दही त्यांना वरच्या वर्गात बसवू शकला नाही. मॅट्रिक न होताच शिक्षण संपले.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. १९१४ साली कोल्हापुरातील डांबर प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून अण्णांचा अतोनात छळ झाला. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपण बाहेर पडलो, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. अण्णांनी साक्ष दिली नाही. प्राणांवर बेतले, तरी दिली नाही.

साताऱ्यास शिकवण्या घेऊन, पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत त्यांनी गावोगाव पालथे घातले. लहानपणी बदल्यांमुळे पाहिलेली खेडी आता विक्रेत्याच्या नजरेने पुन्हा पाहिली. गावात शाळा नाही आणि शहरात राहावयास जागा नाही, ही रयतेच्या मुलांची अडचण कोणी सांगावयास नको होती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे महार, मराठा, जैन, मुसलमान मुले एका पंगतीस बसत. जमाखर्चाचा मेळ कधीच बसला नाही. व्यापारी हिशेबाने पाहिले तर हा सौदा पहिल्याच वर्षी मोडावा असा. परंतु सौ. लक्ष्मीबाईंनी माहेरचे दागिने दिले, अखेरीस मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली ती साध्वी निवर्तली. वसतिगृह चालूच राहिले.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे मुलांनी श्रम करावेत व शिकावे, अशी योजना होती. फी नाही म्हणून किंवा राहावयास ठिकाण नाही म्हणून शाळा सुटणार नाही, हा त्यातील मुख्य विचार. बालपणी ज्याची शाळा वारंवार सुटली, त्यालाच हे सुचावे हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला, आणि पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या विद्यार्थ्यास डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे अण्णांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यात, संस्थेच्या परिसरात आहे.