आयझेनहॉवर यांना वाटलं अपचन, निघाला हार्ट अटॅक

सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सुट्टीसाठी डेन्व्हरमध्ये होते. गोल्फ खेळताना पोट बिघडल्यासारखं वाटलं. त्यांनी दोष दिला जेवणातल्या कच्च्या कांद्याला! मध्यरात्रीनंतर छातीत दुखायला लागलं. लोकांनाही आधी अपचनच सांगितलं गेलं, मग खरं कारण जाहीर झालं: हार्ट अटॅक.

दुसऱ्या महायुद्धातले हे सेनापती एकेकाळी दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचे. १९४९ मध्ये सोडली होती.

हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांना हा आजार साध्या भाषेत समजावला. एवढा मोकळेपणा तेव्हा नवाच. रूझवेल्ट यांचं वाढलेलं ब्लड प्रेशर तर देशापासून लपवलं गेलं होतं.

१९५६ मध्ये आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. पुढच्याच वर्षी बोलताना अचानक शब्द सापडेनात. तो स्ट्रोक होता. त्यातूनही ते सावरले. १९६९ मध्ये, ७८ व्या वर्षी, हृदयविकारानेच गेले.